तसबिरीखालचं स्ट्रेचर

“हा आज असता ना, तर आपल्याला कॉट मिळाली असती,” शेजारच्या स्ट्रेचरवरचे आयरिश आजोबा भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत बायकोला म्हणाले.

“निवडणूक जवळ आली असती तर,” आजी म्हणाल्या आणि सँडविच खात राहिल्या.

हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये आमचंही स्ट्रेचर तसबिरीखालीच होतं. आई सोलापूरहून माझ्याकडे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. नाव नोंदवताना नर्सने विचारलं, दुखणं दहापैकी किती? आई म्हणाली, “दोन सांग. उगं कशाला लोकांना तरास.” मी दोन सांगितलं. आईचं बोलणं इंग्रजीत जसंच्या तसं पोचवायचं, एवढंच मला जमतं.

आता चार वाजत आले होते. आमच्यानंतर आलेले लोक आत जात होते.

दुसरं काही सुचेना, म्हणून तसबिरीखालची पाटी आईला मराठीत सांगितली. एकोणिसाव्या शतकातला इथला डॉक्टर. तापाच्या साथीत घोड्यावरून घरोघर फिरायचा. लोकांना औषधाआधी अन्न हवंय, असं सरकारला लिहीत राहिला. उत्तर आलं नाही. मग दवाखाना बंद करून निवडणुकीला उभा राहिला, लंडनच्या संसदेत गेला; तेव्हा आयर्लंडचा कारभार तिथूनच चालायचा. तिथे बरेच दिवस नुसता बसून होता. शेवटी बोलला, तेव्हा एका घरात आपण काय पाहिलं तेवढंच सांगितलं. त्या बोलण्याने लगेच काही बदललं नाही, असंही पाटीवर होतं.

“चालती डॉक्टरकी सोडली? बायको काय म्हणली असंल त्येला,” आई म्हणाली. हसायला लागली आणि मध्येच थांबली. शालीचं टोक तिने दातात धरलं.

नर्स समोरून गेली. मी तिच्याकडे बघून हसले. ती परत येताना दिसली, तेव्हा आईने माझं मनगट पकडलं, काही बोलू नको म्हणून. तिचा हात गार पडला होता, घामाने ओला.

मी तो सोडवला आणि नर्सच्या वाटेत उभी राहिले. या वेळी शब्द आईचे नव्हते, माझे होते; जुळायला वेळ लागला.

“मघाशी मी दोन सांगितलं, ते खरं नाही. आई सगळ्यांना दोनच सांगते. सकाळपासून तिला सरळ उभं राहता आलेलं नाही. तिला आत्ता बघा.”