थर्मासला कान लावणारा

दर उन्हाळ्यात आमच्या वस्तीत कॉलऱ्याची लस टोचायला सरकारी दवाखान्यातला तो माणूस येई. यंदा चार-पाच सुया झाल्या, की तो लसीचा थर्मास कानाशी धरून हलवायचा. आतला बर्फ वाजला, की पुढच्याला म्हणायचा, "बाही वर कर गा. सुई पाहू नको, मले पाहा."

मी मात्र त्याच्याकडे संशयानेच पाहत असे. गेल्या वर्षी माझ्या पत्नीला त्यानेच लस टोचली होती, आणि महिन्याभरात ती कॉलऱ्यानेच गेली.

त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे पाच-सहा माणसं असताना त्याने थर्मास हलवला, पुन्हा हलवला आणि औषधांची पेटी मिटली.

"बर्फ सरला. दवाई खराब झाली. उद्या या."

"काहून गा?" एक बाई ओरडली. "बर्फ काय सरबतात टाकून प्याला का?"

लोक हसले. त्याने उरलेली लस सगळ्यांदेखत नालीत ओतली.

त्याचा हा प्रामाणिकपणा पाहून मला बरं वाटायला हवं होतं. पण पत्नीला सुई टोचताना मी शेजारीच उभा होतो, आणि तेव्हा त्याने थर्मास हलवल्याचं मला काही केल्या आठवेना. लोक पांगल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "मागच्या वर्षीही तुम्ही बर्फ पाहत होता ना?"

तो कापसाने सुया पुसू लागला. मान वर न करता म्हणाला, "घरी जा, गुरुजी. ऊन लई तापून राहिलं."