'घरी'चे दोन शब्द

आई ब्लाउज शिवते. माझ्या मुलीला मराठी धड येत नाही, म्हणून नातीशी बोलायला आईनेच जर्मन शिकायला घेतलं. मी परदेशातून फोनवर शिकवायचे आणि ती मशीन चालवता चालवता घोकायची. दार, खिडकी, भिंत सगळं जमलं. गाडी अडली ती 'घरी'पाशी. घरी असलं तर 'त्सू हाउजे' आणि घरी जायचं असलं तर 'नाख हाउजे'.

"आपलं घरी ते घरीच," ती वैतागायची. "तुमच्या त्या लोकांची नसती थेरं."

यंदा सुट्टीत मी तिच्याकडे आले. सुट्टी संपली, तशी बॅग घेऊन दारात उभी राहिले.

"येते गं आई. घरी पोचले की फोन करते."

आईने शिवणातून मान वर केली नाही. "हे घरी म्हणजे नाख ना?"

"हो, नाख."

"आणि इतके दिवस इथे होतीस, ते?"

"त्सू," मी म्हणाले.

"पाठ आहे हो तुला," असं म्हणून ती सुईत दोरा ओवू लागली. दोरा तर आधीच ओवलेला होता.