बेडश्याच्या भाऊंचा रंधा

अवजार हाती आलं की भाऊ आधी त्याच्या मुठीचा वास घ्यायचे. अगदी नाक टेकवून. वडगावच्या आठवडी बाजाराच्या टोकाला भंगारवाले गोणपाट अंथरून बसतात. तिथं पटाश्या, करवती, गिरमिटं यांच्या ढिगापुढं उकिडवे बसलेले हे सत्तरीचे गृहस्थ मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा वाटलं, यांचं काहीतरी बिघडलंय.

"बाभळीची हाय," मी काही विचारलं नसताना ते मला म्हणाले. "आन् ह्यो सागाची म्हणून इकतोय."

भंगारवाल्यानं कपाळावर हात मारला. "भाऊ, गिऱ्हाईक तोडू नका हो!"

मी तळेगावची शाळेतली बाई. फ्लॅटच्या भिंतीवर जुनी अवजारं टांगायची हौस मला त्या वर्षी चढली होती. भाऊ बेडश्याचे सुतार. "जयभीम बाई, आज कुठला गंज घेताय?" असं माझं स्वागत व्हायचं.

एकदा मी घेतलेली पटाशी घासूनपुसून, पॉलिश करून मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवायला नेली. त्यांनी मूठ फिरवून पाहिली आणि चेहरा पडला त्यांचा.

"बाई, हितं कुणाच्या तरी हाताची खळी व्हती. जल्मभर राबला आसंल त्यो. तुमी कागद मारून पुसलं की त्याला."

लाजेनं मेले हो मी. विषय बदलायला म्हणून विचारलं, "पण भाऊ, तुम्ही स्वतः तर कधी काही घेत नाही. मग दर आठवड्याला शोधता काय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "माझा रंधा."

पहिल्या मजुरीतून घेतलेला रंधा. बाप दुसऱ्याच्या बांधावर राबून गेला. त्यांच्या घरात सुताराचं हत्यार धरणारे हे पहिले. गावातली निम्मी दारं आणि विहाराची चौकट त्याच रंध्याखालून गेलेली. भाऊ मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना मुलानं घर आवरलं आणि कोपऱ्यातली एक गोणी न उघडताच भंगारात दिली. बाकीची हत्यारं पिशवीत होती म्हणून वाचली. रंधा नेमका गोणीत गुंडाळलेला.

"मग मुलाला सांगितलंत?"

"छ्या! माझ्यासाठी फरशी घातली पोरानं, रंग दिला. लय खुशीत व्हता. जल्माची बोचणी कशाला लावू त्याला? घरी सांगतो, भाजीला चाललो."

आणि पुरावा म्हणून दर खेपेला मेथीची जुडी घेऊन जायचे. मेथी खाऊन खाऊन घरचे किती कावले असतील, कोण जाणे!

"पण ओळखाल कसा?"

"मी डावरा. मुठीवर डाव्या अंगठ्याची खळी हाय. तोंडाशी शिसवाचा तुकडा बसवलाय म्याच. आंधळा झालो तरी वळखीन."

दोन वर्षं गेली. मग आमच्या मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये झाला. तिथल्या भिंतीवर जुनी अवजारं ओळीनं ठोकलेली. मधोमध एक रंधा होता, तोंडाशी काळ्या लाकडाचा तुकडा. मी जेवणाचं ताट टाकून भाऊंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी परत तिथं पोचले, तर पहिल्या एसटीनं भाऊ हजर! रंध्याकडं नुसते बघत उभे राहिले. "माझा द्या" म्हणाले नाहीत. मॅनेजर ऑफिसच्या दाराला खांदा देऊन आत शिरत होता, तिकडं त्यांचं लक्ष गेलं.

"साहेब, दार फुगलंय काय?"

"लोणावळ्यात कुणाचं नाही फुगत, आजोबा?"

"ह्यो रंधा खाली घ्या. धा मिंटं द्या मला."

मॅनेजरला काय वाटलं देव जाणे, त्यानं रंधा उतरवला. भाऊंनी पिशवीतला दगड काढून पात्याला धार लावली. दार आम्ही बिजागरीवरून काढलं, एका बाजूनं टायवाला मॅनेजर आणि दुसऱ्या बाजूनं मी! भाऊंनी डावी मूठ आवळली आणि पहिलाच छिलका असा निघाला, अखंड, पापडासारखा पातळ. स्वयंपाकघरातले लोकसुद्धा बघायला आले. दार परत बसवल्यावर भाऊंनी ते एका बोटानं लावून दाखवलं. मला इतका अभिमान वाटला, जणू रंधा मीच मारला होता. "आमचे भाऊ आहेत!" मी चारचौघांत सांगून टाकलं.

"घेऊन जा आजोबा, तुमचाच दिसतोय," मॅनेजर म्हणाला.

"फुकट न्हाई न्हेणार. दाराची मजुरी म्हणून न्हेतो."

एसटीत रंधा मांडीवर घेऊन बसले होते. डोळे भरून आलेले, पण मान ताठ. घरी जाऊन तो गुपचूप पिशवीत ठेवला म्हणे. पुढं बाजारात ते फक्त मला भेटायला यायचे.

गेल्या वर्षी भाऊ गेले. पुण्यानुमोदनाला मी बेडश्याला गेले. मुलानं फोटोशेजारी रंधा ठेवला होता. तो उचलून त्यानं माझ्या हातात दिला.

"बाई, आबांचं लय जीव की प्राण हत्यार हे. मी मागं घर आवरलं तवा निम्मं घर भंगारात घातलं. पण हे न्हाई गेलं माझ्या हातून. गेलं आसतं, तर आज आबांच्या फोटोम्होरं उभं ऱ्हायाचं तोंड नसतं मला."

मी मुठीवरच्या खळीवरून अंगठा फिरवला.

"हो रे," मी म्हणाले, "भाऊंनी फार जपलं."