पहिल्यांदा कधी झालं होतं?

देवदिवाळी झाली आणि वेणीमाधव पाटणकर दिवाणखान्यातल्या लाकडी तख्तावर जाऊन बसले, ते तिथून उठेनातच.

शरदिनीबाईंना आधी वाटलं, थंडी बाधली असेल. एकाहत्तरीचा माणूस रोज पहाटे पंचगंगा घाटावर गंगेच्या थंड पाण्यात उतरतो म्हटल्यावर कधीतरी बाधणारच. त्यांनी काढा दिला, छातीला तेल चोळलं, कानटोपी घातली. ती कानटोपी मग पंधरवडा उतरली नाही. पंचगंगा सुटली. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहायला लागलं. दाढीचे खुंट वाढले. ताटातल्या दोन पोळ्यांपैकी अर्धी कशीबशी पोटात जायची आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "नको. पोट बरं नाहीये."

या पोटापायी शरदिनीबाई टेकीला आल्या होत्या. दूधविनायकाच्या गल्लीत रिक्षा येत नाही, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरसाठी नवऱ्याला दंडाला धरून, गाई आणि मोटरसायकली चुकवत मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत न्यायचं. असे तीन डॉक्टर झाले. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, तोंडातून नळी घालून पोटाच्या आतलं बघून झालं. तिसऱ्याने हसून सांगितलं, "माताजी, इनका पेट तो हमसे अच्छा है."

"मग जेवत का नाही तुम्ही?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

"पोट बरं नाहीये."

शरदिनीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या तासाला साठ मुली चिडीचूप बसायच्या. आणि आता एक म्हातारा माणूस आंघोळीला उठत नव्हता. समजावून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. अबोल्याचा तर वेणीमाधवांना पत्ताही लागला नाही, आणि त्याचाच शरदिनीबाईंना सगळ्यात जास्त संताप आला.

सल्ल्यांची मात्र गल्लीत वानवा नव्हती. समोरची गुप्ताइन म्हणायची, "अब उमर हो गई चाची, भगवान में मन लगाने दीजिए." खालच्या मजल्यावरचे दत्तात्रेयभटजी म्हणायचे की हे वैराग्य आहे, पुण्यवंतालाच लाभतं. पुण्याहून मुलगी ऋता प्राणायामाचे व्हिडिओ पाठवायची. "वैराग्य आलेला माणूस निदान आंघोळ तरी करतो," शरदिनीबाईंनी भटजींना ऐकवलं आणि दार लावून घेतलं.

मग एका दुपारी न्हावी दारात येऊन तसाच परत गेला, कारण वेणीमाधवांनी मानच वर केली नाही. शरदिनीबाईंचा तोल गेला. "लोकांना वाटेल, मी तुम्हाला टाकलंय," त्या म्हणाल्या. "काय मनात आहे तुमच्या, एकदा बोला तरी."

मान खाली ठेवूनच ते बोलले. "मी गेलो तर तू सुटशील. रोज तेच वाटतं."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलं. शरदिनीबाई तिथेच खाली बसल्या. मग उठून त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, घरातल्या गोळ्यांचा डबा आपल्या कपाटात ठेवला आणि ऋताला फोन करून म्हणाल्या, "व्हिडिओ पुरे. मनाच्या डॉक्टरचा पत्ता काढ."

डॉक्टर हिमानी पस्तिशीच्या. शरदिनीबाईंना त्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीसारख्या वाटल्या, म्हणजे भरवसा ठेवावा की कान पकडावा ते कळेना. पण डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. झोप, भूक, मरणाचे विचार, सगळं वेणीमाधवांनाच विचारलं. मग म्हणाल्या, "बाबूजी, ऐसा पहली बार कब हुआ था?"

"पहिल्यांदाच," शरदिनीबाई मध्येच मराठीत बोलून गेल्या आणि मग हिंदीत म्हणाल्या, "पहली बार ही है. छियालीस साल से देख रही हूँ."

वेणीमाधव फरशीकडे बघत राहिले. "याद नहीं," ते म्हणाले.

रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस. कुठली गाडी कुठल्या साली बंद झाली, हे त्यांना तारखेनिशी पाठ होतं. त्यांचं 'याद नहीं' ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या शरदिनीबाईंना बाहेर घेऊन आल्या आणि समजावून सांगितलं. उदासीचा आजार सत्तरीत पहिल्यांदाच आला असेल, तर मेंदूचा रक्तपुरवठा, थायरॉइड, स्मरणशक्ती, हे सगळं जास्त बारकाईने पाहावं लागतं. तरुणपणीच येऊन गेला असेल, तर तोच परत आला असण्याची शक्यता मोठी. मग तेव्हा कशाने बरं वाटलं होतं आणि घरात आणखी कोणाला होता, हे कळलं तर उपचार सोपा होतो. तपासण्या त्या दोन्हीकडून करणारच होत्या. "लेकिन शादी से पहले का हाल जाननेवाला कोई है?"

होत्या. मोठ्या नणंद, सीतावन्सं. मंगला गौरीच्या देवळामागे राहायच्या, वय अठ्ठ्याहत्तर, कान तीक्ष्ण आणि जीभ त्याहून.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याजवळ गुप्ताइनला बसवून शरदिनीबाई तिकडे गेल्या. सीतावन्संनी चहा टाकला, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं, भाज्यांच्या भावाबद्दल बोलल्या. शरदिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"वन्सं, लग्नाआधी यांना असं कधी झालं होतं का?"

"असं म्हणजे?"

"मी काय विचारतेय ते तुम्हाला कळलंय."

सीतावन्संनी पदराने चष्मा पुसला. "आता ते कशाला उकरायचं? म्हातारा झाला वेणू."

"डॉक्टरांना हवंय म्हणून उकरायचं. बोला."

मग त्या बोलल्या. वेणू एकवीस वर्षांचा होता. बी.एस्सी.ची परीक्षा अर्धवट टाकून घरी आला आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत निजून राहिला. जेवेना, बोलेना. पोट दुखतं, एवढंच सांगायचा. अंगारे झाले, मंत्र झाले. शेवटी बाबांनी लांब नेऊन डॉक्टरला दाखवलं, तिथे विजेचे शॉक दिले. त्या शॉकने आजार उतरला. दोन महिन्यांत पोहायलाही जायला लागला.

"आम्हाला टायफॉइड सांगितला होता," शरदिनीबाई म्हणाल्या. "त्यात एक वर्ष वाया गेलं म्हणून."

"मग काय सांगणार? वेडा म्हणाले असते. तुझ्या वडिलांनी लग्न मोडलं असतं."

"मोडायचं की नाही, ते आमचं आम्हाला ठरवू द्यायचं होतं ना. आणखी कोणाला होतं?"

"बाबा शेवटची दोन वर्षं बोलत नव्हते. लोक म्हणाले, वैराग्य."

शरदिनीबाई चप्पल घालून निघाल्या. गल्लीतून चालताना त्यांना एकेक आठवत गेलं. ऋता दीड वर्षाची असताना यांनी दोन महिने रजा काढली होती, पाठ धरली म्हणून. पुढे बढती मिळाली तर नाकारली, जमणार नाही म्हणून. त्या वेळी शरदिनीबाईंनी आळशी म्हटलं, घरकोंबडा म्हटलं, माहेरी जाऊन राहिल्या. स्वभाव समजून सेहेचाळीस वर्षं ज्याच्याशी भांडण केलं, तो आजार निघाला. एका माणसाने एक वाक्य आधी सांगितलं असतं, तर किती आरडाओरडा वाचला असता. कोणावर जास्त चिडावं, हेच त्यांना ठरवता येईना. सासरे वारलेले, सीतावन्सं थकलेल्या, नवरा आजारी. चिडायला सोयीचं एकही माणूस उरलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी गुप्ताइनला वाटेला लावलं आणि तख्तावर नवऱ्याशेजारी बसल्या.

"अहो, एकविसाव्या वर्षी काय झालं होतं?"

त्यांनी हळूच मान वळवली. "अक्काने सांगितलं?"

"हो."

"बरं झालं."

"बरं काय झालं? तुम्ही सांगायला हवं होतं. तोंड होतं ना तुम्हाला?"

"बाबांनी शपथ घातली होती. नंतर वाटलं, आता सांगून काय. तू निघून गेली असतीस." ते थांबून थांबून बोलत होते, पण बोलत होते. "ती उदासी येते ना, तेव्हा आधी अन्नाची चव जाते. ओला कागद चावल्यासारखं लागतं. तेव्हाच कळतं मला."

"यंदा कळलं?"

"कळलं. पण तरुणपणी वाटायचं, जाईल. या खेपेला वाटलं, आता वय झालं, आता ही काही जायची नाही."

"आजवर दर वेळी गेली की नाही?"

त्यांनी विचार केला. "गेली."

"मग आताच कशी मुक्कामाला राहील? उद्या डॉक्टरांना हे सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

अर्थात दुसऱ्या दिवशी त्या बोलल्याच, पण मुख्य गोष्टी वेणीमाधवांनी सांगितल्या. तपासण्यांत वयाच्या मानाने काळजीचं काही निघालं नाही. स्मरणशक्तीवर पुढेही लक्ष ठेवू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि गोळ्या सुरू केल्या. असर दिसायला महिना-दीड महिना लागेल, तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही.

तो काळ शरदिनीबाईंनी दात-ओठ खात काढला. गोळी द्यायची, समोर बसून गिळवायची, ऊन गच्चीवर आलं की कुलूप काढून सोबत बसायचं. रोज सकाळी त्या विचारायच्या, "काही फरक?" आणि रोज उत्तर, "नाही." मग डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, रोज विचारू नका. ते त्यांना फार जड गेलं.

संक्रांत उलटून गेल्यावर एक दिवस जेवताना वेणीमाधव म्हणाले, "आमटीत मीठ जास्त झालंय."

शरदिनीबाईंनी चाखून पाहिली. खरंच झालं होतं. एरवी त्यांनी दोन ऐकवल्या असत्या. त्या दिवशी गुपचूप ताक वाढलं. त्या आठवड्यात न्हावी वर येऊन दाढी करून गेला. पाण्यात उतरायचं अजून नव्हतं, पण वेणीमाधव घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत जाऊन बसायला लागले. काही दिवस बरे जायचे, काही दिवस पुन्हा कानटोपी.

मग ऋताला सांगायचं ठरलं. घराण्यात आहे म्हटल्यावर तिला माहीत असायला हवं, यावर शरदिनीबाई ठाम होत्या. या घरात आता टायफॉइड चालणार नव्हता. त्यांनी फोनवर पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"ऐकतेस ना?"

"आई," ऋता म्हणाली, "मला तेहतिसाव्या वर्षी झालं होतं. मधुराच्या बाळंतपणानंतर. अजून एक गोळी चालू आहे."

शरदिनीबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"मला काही सांगायचं नाही, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय का?"

"तू रागावशील असं वाटलं."

"रागावलेच असते. पण रेल्वेत बसून पुण्याला आले असते ना. आधी सांगितलं असतंस तर बाबांना तीन-तीन पोटाचे डॉक्टर दाखवले नसते मी." मग त्या म्हणाल्या, "किती सोसलंस एकटीने?"

तख्तावरून वेणीमाधवांनी हात पुढे केला. "दे इकडे," ते म्हणाले.

फोन त्यांच्या हातात गेला. ऋता काहीतरी सांगत होती, ते हुंकार देत होते. मग म्हणाले, "तुला पण तोंड कोरडं पडतं का? मी बडीशेप ठेवतो." थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळ वाईट असते. हो. माझीही." बाप-लेकीचं एवढं लांब बोलणं शरदिनीबाईंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना फोन परत हवा होता, ऋताला अजून चार गोष्टी विचारायच्या होत्या, रागवायचंही राहिलं होतं. पण कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. धुसफुसत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनही ऐकू यावं म्हणून त्यांनी वाहता नळ बंद केला.