राक्षसाच्या गुहेचं दार

सूत्रधार हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच घेतलं होतं आणि चार माणसांकडून वदवून घेतलं होतं. एरवी तो कपाटांच्या दुकानात विक्रेता होता. गिऱ्हाईक आलं की खोलीची मापं विचारायची सोडून तो म्हणायचा, "डोळे मिटा. तुमची खोली समोर आणा. आता त्या भिंतीला हे कपाट बघा." गिऱ्हाईक बघायचं आणि खूशही व्हायचं. मग कपाट घरी जायचं आणि त्याचं दार पलंगाला अडून अर्धंच उघडायचं. तक्रार आली की हा नाक मुरडून म्हणणार, "लोकांना कल्पनाशक्तीच नाही." दुकानात त्याचं कुणी ऐकेनासं झालं होतं. मालक तर हा तोंड उघडताच पंख्याकडे बघत बसायचा.

ऐकायचे ते फक्त रविवारचे चौघे. दुपारी जेवणाचं टेबल पुसून खेळ मांडायचा. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, फासे टाकायचे आणि फाशांप्रमाणे काय घडलं ते सूत्रधारानं रंगवून सांगायचं. बायको तिरंदाज, शेजारचा शिंपी तलवारबाज, औषधांच्या दुकानातली बाई मांत्रिक आणि बायकोचा धाकटा भाऊ ढाल घेऊन सर्वांत पुढे. लढाई असली तरी टेबलावर फासे आणि चहाचे कप, एवढंच. बाकी सगळं सूत्रधाराच्या तोंडून. त्या एका दुपारच्या जोरावर हा गडी अख्खा आठवडा ताठ मानेनं काढत होता. बायकोला ते कळत होतं, म्हणूनच ती त्याला मध्ये तोडत नसे.

गेल्या रविवारी मात्र शिंप्याचा तलवारबाज मेला. "मी खांबाआड होतो!" शिंपी ओरडला. "खांब उजवीकडे आहे, तू डावीकडे होतास," सूत्रधारानं निकाल दिला. त्याच्या आदल्या रविवारी तोच खांब डावीकडे होता. शिंपी कपातला चहा तसाच टाकून घरी गेला.

म्हणून या रविवारी मेहुणा डबा घेऊन आला. आत बोटाच्या पेराएवढे पुतळे होते, चार वीर आणि एक राक्षस. मेहुणाही काही कमी नमुना नव्हता. स्वतःच्या घराचे पोपडे पडत होते, पण हा पठ्ठ्या डोळ्याला भिंग लावून राक्षसाच्या पापण्या रंगवत बसला होता. सोबत चौकटी आखलेला पुठ्ठाही होता.

"बाहुल्या?" सूत्रधार खो खो हसला. "भातुकली मांडायची का? अरे, ज्यांच्या डोक्यात काही दिसत नाही त्यांच्यासाठी असतात हे पांगुळगाडे!"

"दाजी, मांडून तर बघू," मेहुणा म्हणाला. "नाहीतर शिंपीदादा खेळणार नाहीत म्हणतात. आणि तुम्हाला जमत नसेल तर खेळ मी चालवतो."

हे शेवटचं वाक्य सूत्रधाराला झोंबलं. खुर्ची जाते की काय या विचारानं त्यानं छाती फुगवली. "मांड. काय मांडायचं ते मांड."

राक्षसाची गुहा तो कित्येक महिने सांगत आला होता. मेहुण्यानं दार म्हणून काड्यापेटी पुढे केली. "दार कुठंय?"

"दार म्हणजे काळोखानं वासलेला जबडा..."

"ते कळलं. कुठल्या भिंतीला?"

सूत्रधारानं काड्यापेटी एका कडेला ठेवली.

"अहो, तिथून तर पाणी झिरपतं ना?" बायको म्हणाली.

त्यानं ती समोर सरकवली.

"मग मी ज्या पायऱ्यांवर बसलेय त्या कुठे गेल्या?" औषधवाली बाई म्हणाली.

शिंपी फिदीफिदी हसला. सूत्रधाराचे कान लाल झाले. "दार ज्याच्या त्याच्या मनात असतं! तुम्हाला कुणाला दिसलंय का कधी? सांगा बघू!" आता यांची त त प प होणार, अशी त्याची खात्री होती.

"ठेंगणं आहे," शिंपी ताबडतोब म्हणाला. "मान वाकवूनच आत जावं लागतं. बिजागरी गंजलेली."

"छे, बिजागरी कुठली? शिळा आहे ती. ढकलली की बोटांना शेवाळ लागतं," औषधवाली बाई म्हणाली.

"उंबऱ्यापाशी एक चप्पल पडलीये," बायको म्हणाली. "एकच. मी दर वेळी ती ओलांडून जाते. कुणाची असेल, हा विचार भांडी घासताना पण येतो."

तिघं हमरीतुमरीवर आली. प्रत्येकाचं दार वेगळं होतं, पण प्रत्येकाचं पक्कं होतं. शेवटी मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं कसंय?"

सूत्रधारानं डोळे मिटले. गुहा नव्हती, दार नव्हतं, राक्षसही नव्हता. नुसता काळोख, तोही पापण्यांचा. त्यानं जोर लावून पाहिला. तरीही काही आलं नाही. इतके महिने आपण नुसते शब्द शिंपडत होतो आणि पीक दुसऱ्यांच्या डोक्यात येत होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"दिसत नाही?" बायकोनं हळूच विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"कधीच दिसलं नव्हतं?"

त्यानं काड्यापेटी उचलून मेहुण्यापुढे सरकवली. बायकोनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. दया दाखवावी की हसावं, हे तिचं ठरत नसावं.

"उठा," ती म्हणाली. "तिथे मी बसते."

तो उठला आणि तिच्या जागेवर जाऊन बसला. खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला. तिनं फासे ओढून घेतले, चप्पल कुठल्या पायाची होती तिथपासून गुहा सांगायला सुरुवात केली, आणि शिंपी हनुवटी तळव्यावर टेकून ऐकू लागला. आता आपल्या रंगकामाला कोण विचारतो, असं म्हणत मेहुणा पुतळे डब्यात भरायला लागला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "ह्यांना लागतील."