वाढलेली बांगडी

आमच्या नांदुऱ्याची कासारीण बांगड्या भरताना बाईशी बोलत नाही, बांगडीशी बोलते. "चाल माय, चढ. काऊन रुसली?" बांगडी फुटली म्हणणे अशुभ, म्हणून ती "वाढली" म्हणते.

माझी धाकटी सात वर्षांची. मोजके बोलते आणि हात धरला की किंचाळते. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या इंग्रज डॉक्टरांना रोग सापडला नाही. मोठीचे लग्न ठरले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "हिले त्या दिवशी कोठीतच ठेवा." मला राग आला. कासारीण आली तेव्हा बांगड्या भरायला मी हट्टाने धाकटीचा हात धरला, आणि तिची किंकाळी साऱ्या गल्लीने ऐकली.

"सोडा बाई तिले," कासारीण म्हणाली. मग महिनाभर ती दुपारी येऊन नुसती बसायची. पोर तिच्या बांगड्या रंग पाहून ओळीने लावायची. एक दिवस कासारणीने स्वतःचाच हात पुढे केला. "तू भर मले."

पोरीने जोर लावला. बांगडी कडकन मोडली, मनगटावर ओरखडा उठला. "वाढली," कासारीण शांतपणे म्हणाली.

पोरीने दोन्ही तुकडे उचलून नीट पाहिले. "हाव. एकीच्या दोन झाल्या."

कासारीण इतकी हसली की टोपली कलंडली. तेवढ्यात पोरीने एक हिरवी बांगडी उचलून स्वतःच्या हाताला लावली आणि बांगडीलाच बजावले, "चाल माय, चढ."

लग्नात ती मांडवात बसली, कासारणीच्या शेजारी. गर्दीत जाऊबाईंची बांगडी फुटली, तेव्हा सगळ्यांच्या आधी धाकटीच ओरडली, "वाढली!"