चर्चचा रॅम्प आणि चपलांची जागा

“माही मोटरसायकल चढते ना सहा फुटात? मंग खुर्चीले काय होते?” दाविदराव मला विचारत होते.

मोताळा तालुक्यातल्या एका चर्चसमोर आम्ही टेप धरून उभे होतो. दाविदराव तिथल्या पंच कमिटीचे प्रमुख. मी बुलढाण्यात बांधकामाची कामं घेणारा सिव्हिल इंजिनिअर. चर्चला पायऱ्यांच्या बाजूने रॅम्प, म्हणजे व्हीलचेअर चढेल असा उतार, करायचा होता.

तो हवा होता सुशीलाबाईंसाठी. त्या निवृत्त नर्स. शुगरमुळे एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याआधी चर्चमध्ये पेटी त्याच वाजवत. चारजण खुर्चीसकट उचलून आत न्यायला तयार होते. एकदा त्यांनी नेऊ दिलं. पुढच्या रविवारी म्हणाल्या, “मी काय कापसाचं गाठोडं आहो? माह्या हातानं आत येईन, नाहीतर येणार नाही.” तेव्हापासून त्या फाटकाबाहेर ऑटोत बसून उपासना ऐकत. आत गाणी पेटीशिवाय रखडत.

मी हिशेब सांगितला. एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. चर्चचं जोतं दोन फूट उंच, म्हणजे रॅम्प चोवीस फूट. वर दारासमोर पाच बाय पाचची सपाट जागा. तिला लँडिंग म्हणतात. खुर्ची तिथे थांबते, वळते आणि आत जाते.

“चोवीस फूट! साहेब, खुर्ची न्यायची हाये का बैलगाडी?”

आमच्याकडे मोटरसायकल ओसरीवर चढवायला घरोघरी सिमेंटचा उतार असतो. दाविदरावांच्या डोळ्यापुढे तोच होता. मोटरसायकलला इंजिन असतं, हे ते धरतच नव्हते. वाद घालून उपयोग नव्हता. मी सुशीलाबाईंची खुर्ची मागून आणली आणि दाविदरावांना तिच्यात बसवून त्यांच्याच घरच्या उतारासमोर उभं केलं.

“लावा जोर,” मी म्हणालो आणि मागे उभा राहिलो.

चाकं हातभर वर गेली, थांबली, आणि दाविदराव उलटे येऊन माझ्या पोटावर आदळले. दुसऱ्यांदा तर हातभरही नाही. ओसरीवर त्यांच्या पत्नी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “या ना वर, चहा थंडा होऊन राह्यला!”

दाविदरावांनी घाम पुसला. “बांधा चोवीस फूट.”

बांधला. कडेला हाताला धरायला पाइप, फरशी खडबडीत. दाराचा उंबरठा काढून तिथे सपाट पट्टी बसवली. पेटीही सतरंजीवरून टेबलावर नेली, कारण खुर्चीतून खाली हात पोचत नाही. शनिवारी मी सगळं पुन्हा मोजलं. एका इंचाचाही फरक नव्हता.

रविवारी सुशीलाबाई पांढऱ्या साडीत आल्या. उपासना सुरू व्हायची होती, सगळे आत बसले होते. मी खाली उभा होतो. त्या एका दमात अर्ध्यावर गेल्या, थोडं थांबल्या, मग वर पोचल्या. आणि तिथेच अडकल्या.

या चर्चमध्ये पायातलं बाहेर काढूनच आत जातात. नवी, स्वच्छ, सपाट जागा दिसल्यावर अख्ख्या मंडळीने चपला लँडिंगवरच सोडल्या होत्या. चाक टेकायला जागा नव्हती. मी चोवीस फूट मोजले होते. चपला माझ्या मोजमापात नव्हत्या.

आतून दोघं धावले. “मावशी, थांबा, उचलतो!”

“मले हात लावू नका,” सुशीलाबाई म्हणाल्या. “चपला उचला.”

मग सगळी मंडळीच बाहेर आली. ज्याच्या हाती जी लागेल ती चप्पल खाली जाऊ लागली. उपासना चालवणारे पाळकही वाकले. रस्ता मोकळा झाला, तेवढ्यात दारातल्या एका आजीने शंका काढली, “आमी चपला काढून येतो, मंग हे चाकं कसे चालतीन?”

सगळ्यांनी चाकांकडे पाहिलं. मीही.

“बरोबर बोलली,” सुशीलाबाई म्हणाल्या. “नर्स होते मी, घाण मलेबी खपत नाही. पुसा की.”

दाविदरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नळाखाली भिजवला आणि खाली बसून चारही चाकं पुसली. “अजून काही, सिस्टर?”

“मागचं डावं राह्यलं थोडं.”

हसण्याच्या गलक्यातच त्या आत गेल्या. थेट पेटीपाशी. भाता ओढला, दोन सूर तपासले आणि म्हणाल्या, “पेटीले धूळ लागली. कोनी पुसत नव्हतं का बे?”

त्या दिवशी गाणी रखडली नाहीत. दाविदराव मात्र अनवाणी घरी गेले. त्यांची चप्पल कुणी उचलून कुठे ठेवली, ते कळलंच नाही.

आता रॅम्पच्या खाली, बाजूला, चपलांचा रॅक आहे. दारात ओलं पायपुसणं असतं. मंदिर असो, विहार असो, रॅम्पच्या नकाशात मी आधी चपलांची जागा आखतो, मग उतार मोजतो.

मागच्या महिन्यात दाविदरावांचा फोन आला. ओसरीसमोरचा उतार लांब करून पाहिजे म्हणाले. चढताना त्यांचे गुडघे दुखत होते.

“किती फूट करायचा?” मी विचारलं.

“तुमी सांगान तितका,” ते म्हणाले. “खुर्ची मात्र आनू नका.”